दहा लाख तासांची बखर : भरवशाची हार्ड डिस्क कशी ओळखावी, याचा इतिहास

#इतिहासधागा

१.
हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा एक भारदस्त आकडा छापलेला असतो : दहा लाख तास. बिघाड होण्यापूर्वीचा सरासरी काळ, असे त्याचे वर्णन असते. दहा लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. हार्ड डिस्क या यंत्राचा जन्म मात्र १९५६ सालचा. ज्या यंत्राने स्वतःची शंभरी पाहिलेली नाही, त्याच्या ११४ वर्षांची ग्वाही कोण देतो, आणि कशाच्या आधारावर? आजच्या धाग्यात या आकड्याचा, आणि त्याला उघडे पाडणाऱ्या नोंदींचा, इतिहास पाहू.

२.
हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मोडी कागदांची छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे, नाण्यांच्या नोंदी, गडांवर टिपलेली चित्रफीत : हे सारे शेवटी कोणत्या ना कोणत्या डिस्कवर जाऊन बसते. संग्रह वाढला की एक डिस्क अपुरी पडते आणि चार, आठ, बारा डिस्कचा सर्व्हर उभारावा लागतो. मग प्रश्न येतो : कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी? हाच प्रश्न गेली काही दशके मोठमोठ्या संस्थांनाही पडला होता.

३.
आरंभ कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ‘रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याच्या डिस्कयंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन एक टनाहून अधिक. साठवण मात्र ५० लाख अक्षरांची. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालील चमूचे हे काम. असे यंत्र भाड्याने मिळे. ते बिघडले तर दुरुस्त करणे ही मालकाची, म्हणजे कंपनीची जबाबदारी असे. ‘भरवशाची डिस्क कोणती’ हा प्रश्न ग्राहकाच्या पदरी अजून आलेला नव्हता.

४.
१९७३ मध्ये आयबीएमचेच ‘विंचेस्टर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले यंत्र आले. तबकड्या आणि त्यांवर लिहिणारी-वाचणारी शीर्षे एकाच बंद पेटीत ठेवण्याची पद्धत त्याने रूढ केली. आजची प्रत्येक हार्ड डिस्क त्याच कुळातली. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी, म्हणजेच पुढची सीगेट, हिने सव्वापाच इंची आणि ५ मेगाबाइटची छोटी डिस्क बाजारात आणली. डिस्क आता सामान्य ग्राहकाच्या हाती आली, आणि तिच्याबरोबर बिघाडाची जोखीमही.

५.
१९८८ साली बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त, छोट्या डिस्कची फौज उभी करावी, ही त्यांची कल्पना. पण त्यांनी अडचणही लपवली नाही. एका डिस्कचा बिघाडापूर्वीचा सरासरी काळ ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक धरला, तर तशा १०० डिस्कपैकी एखादी बिघडण्यास सरासरी ३०० तासच लागतील. दोन आठवडेसुद्धा नाहीत.

६.
यावर त्यांनी दिलेला उपाय ‘रेड’ या नावाने रूढ झाला. त्याचे मर्म जमाखर्चाच्या वहीत सापडते. चार रकमा आणि त्यांची बेरीज वहीत लिहिली असेल, तर एखादी रक्कम पुसली गेली तरी बेरजेतून उरलेल्या तीन वजा करून ती परत मिळवता येते. त्याचप्रमाणे काही डिस्कवर माहिती आणि एका डिस्कइतक्या जागेत त्या माहितीची ‘बेरीज’ ठेवायची. एक डिस्क गेली की नवी बसवायची आणि बाकीच्यांच्या आधारे तिच्यावर सारे पुन्हा लिहून काढायचे. पुढे दोन डिस्क एकदम गेल्या तरी तग धरणारी ‘रेड-६’ ही पद्धतही प्रचारात आली.

७.
हे गणित एका गृहीतकावर उभे होते : प्रत्येक डिस्कचा बिघाड इतरांपासून स्वतंत्र असतो. एक गेली म्हणून शेजारची लगेच जाईल असे नाही. निबंधाच्या लेखकांना हे गृहीतक आहे याची जाणीव होती. पण ते तपासून पाहण्यासाठी लागणाऱ्या हजारो डिस्कच्या दीर्घ नोंदी तेव्हा कोणाही अभ्यासकाच्या हाती नव्हत्या. गार्थ गिब्सन हे नाव मात्र लक्षात ठेवा. एकोणीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

८.
दरम्यान बाजारात कीर्ती-अपकीर्तीचा खेळ सुरू झाला. २००० साली आयबीएमने ‘डेस्कस्टार ७५जीएक्सपी’ ही वेगवान डिस्क आणली. थोड्याच काळात ती अकाली बंद पडत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, लोकांनी तिला ‘डेथस्टार’ हे कुप्रसिद्ध नाव दिले, आणि २००१ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. ज्या आयबीएमने हार्ड डिस्क जन्माला घातली, तिने २००२ मध्ये हा व्यवसाय हिताचीला विकण्याचा करार केला. किंमत सुमारे २०५ कोटी डॉलर. ‘डेस्कस्टार’ हे डागाळलेले नावही हिताचीकडे गेले.

९.
आता त्या दहा लाख तासांकडे वळू. हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचे भाकीत नाही. समजा, कंपनीने १,००० डिस्क १,००० तास चालवल्या आणि त्यात एक बिघडली. एकूण चालणे दहा लाख तासांचे, बिघाड एक. म्हणून सरासरी दहा लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. हिशेब केला तर वर्षाला सुमारे ०.८८ टक्के, म्हणजे हजारात नऊ डिस्क जाव्यात. कोवळ्या डिस्कच्या अल्पकाळच्या चाचणीवरून काढलेला हा दर पाचव्या वर्षीही तसाच राहील, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

१०.
इतिहासाच्या वाचकाला येथे बखरीची आठवण व्हावी. बखर निरुपयोगी नसते. पण ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि घटनेच्या किती आधी वा नंतर लिहिली, हे पाहिल्याशिवाय ती स्वीकारायची नसते. माहितीपत्रक विक्रेत्याने, विक्रीसाठी, वापर सुरू होण्यापूर्वी लिहिलेले असते. अस्सल कागद म्हणजे ज्यांनी हजारो डिस्क वर्षानुवर्षे चालवल्या, त्यांची रोजकीर्द : कोणती डिस्क कधी बसवली आणि कधी काढली. ती रोजकीर्द उजेडात आली २००७ मध्ये.

११.
त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साठवणतंत्रावरील ‘फास्ट’ ही परिषद भरली, आणि तीही रॅमॅकच्या जन्मगावी, सॅन होझे येथेच. तिथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी निबंध वाचला. होय, तेच गिब्सन. मोठ्या संगणकीय प्रयोगशाळा आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या यांच्याकडील सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. माहितीपत्रकानुसार वर्षाला ०.८८ टक्क्यांहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास आढळले. काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

१२.
याच निबंधाने आणखी दोन समजुतींना धक्का दिला. महागड्या ‘सर्व्हरच्या’ डिस्क आणि स्वस्त घरगुती वर्गातील डिस्क यांच्या बदलीच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. आणि बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते : एका यंत्रणेत एक डिस्क गेली की पाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यता गणितापेक्षा जास्त होती. १९८८ च्या गृहीतकाला त्याच्याच एका जनकाने पुराव्यानिशी तडा दिला होता. आपल्याच जुन्या मांडणीची अशी तपासणी संशोधनात दुर्मीळ असते.

१३.
त्याच परिषदेत गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डीट्रिख वेबर आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. उष्णता वाढली की डिस्क मरते, हा सर्वमान्य समज. पण त्यांच्या नोंदींत तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा फारच क्षीण निघाला. मात्र तबकडीच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. दुसऱ्या बाजूला, बिघडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कने मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. लक्षण दिसले तर धोका खरा असतो. पण लक्षण दिसत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

१४.
दोन्ही निबंध मोलाचे, पण दोघांनीही एक गोष्ट झाकून ठेवली : कंपन्यांची आणि मॉडेलांची नावे. ग्राहकाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अनुत्तरितच राहिले. ती कोंडी फोडली एका लहानशा कंपनीने. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली बॅकब्लेझ ही लोकांच्या संगणकांचा बॅकअप ठेवण्याचा व्यवसाय करी. तयार सर्व्हर परवडत नाहीत म्हणून तिने स्वतःच लाल रंगाची पेटी घडवली : दीड टेराबाइटच्या ४५ साध्या डिस्क, एकूण ६७ टेराबाइट, खर्च ७,८६७ डॉलर. १५-१५ डिस्कचे तीन गट आणि प्रत्येक गटात रेड-६. सप्टेंबर २००९ मध्ये तिने या पेटीचा संपूर्ण आराखडा जगाला खुला केला.

१५.
मग आला थायलंडचा महापूर. ऑक्टोबर २०११ मध्ये अयुत्थया परिसरातील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. वेस्टर्न डिजिटलचा कारखानाही बुडाला. जगातील हार्ड डिस्क उत्पादनाचा फार मोठा वाटा त्या देशात एकवटला होता. किमती अल्पावधीत जवळजवळ तिप्पट झाल्या. बॅकब्लेझच्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या आप्तेष्टांनी दुकानोदुकानी हिंडून, माणशी दोनच्या मर्यादेत, घरगुती वापराच्या बाह्य डिस्क विकत घेतल्या, त्यांची प्लास्टिकची कवचे फोडली आणि आतल्या डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्या. दुष्काळात मिळेल ते धान्य भरावे, तशी ही भरती होती.

१६.
या धडपडीतून नकळत एक अपूर्व दफ्तर तयार झाले : निरनिराळ्या कंपन्यांच्या सामान्य डिस्क, एकाच छताखाली, एकाच कामाला जुंपलेल्या. जानेवारी २०१४ मध्ये बॅकब्लेझने २७,००० हून अधिक डिस्कचा हिशेब नावांसह प्रसिद्ध केला. पहिल्या क्रमांकावर कोण होते? हिताची. तिच्या अनेक मॉडेलांचे वर्षाला बिघडण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यांतल्या कित्येकांचे नाव होते ‘डेस्कस्टार’. ज्या नावाला दहा-बारा वर्षांपूर्वी ‘डेथस्टार’ म्हणून हिणवले गेले, तेच नाव आता यादीच्या शिरोभागी होते.

१७.
दुसऱ्या टोकाला सीगेटची ३ टेराबाइटची एक डिस्क होती, मॉडेल ‘एसटी३०००डीएम००१’. पुरानंतरच्या टंचाईत, २०१२ पासून, बॅकब्लेझने ती हजारोंच्या संख्येने बसवली. २०१४ या एका वर्षात तिचे बिघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. पण हिशेबाची पुढची ओळही वाचायला हवी : त्याच सीगेटच्या ४ टेराबाइटच्या डिस्कचे त्याच वर्षीचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते आणि बॅकब्लेझने त्या पुढे हजारोंनी घेतल्या. कंपनी एक आणि काम एक असूनही निकालात एवढे अंतर पडले. भरवसा कंपनीच्या नावात नसतो, तो विशिष्ट मॉडेलात शोधावा लागतो, हे या दोन ओळींनी दाखवून दिले.

१८.
आक्षेपही आले, आणि ते दखलपात्र होते. घरगुती वापरासाठी बनलेल्या डिस्क ४५ च्या दाटीत, सततच्या कंपनात, रात्रंदिवस चालवल्या. काही तर बाह्य पेटीतून उचकटून काढलेल्या. अशा वागणुकीवरून घरच्या संगणकातील डिस्कचे भवितव्य ठरवावे का? सरळ तसे ठरवू नये. पण बहुडिस्क सर्व्हर बांधणाऱ्याला हीच परिस्थिती भेटणार असते. त्याच्यासाठी ही साक्ष अधिक जवळची. पुरावा कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला हे सांगूनच तो वापरायचा, ही शिस्त इथेही लागू होते.

१९.
२०१५ मध्ये बॅकब्लेझने मूळ नोंदीच खुल्या केल्या. एप्रिल २०१३ पासूनच्या प्रत्येक दिवसाची, प्रत्येक डिस्कची एक ओळ. हिशेबाची रीतही सोपी आहे. १०० डिस्क सहा महिने चालल्या, म्हणजे ५० ‘डिस्क-वर्षे’ झाली. त्यात २ बिघडल्या, तर वार्षिक प्रमाण ४ टक्के. यात एक सावधगिरी हवी : ज्या मॉडेलच्या साठच डिस्क दोन महिने चालल्या आहेत, तिचे ‘शून्य टक्के’ म्हणजे केवळ पुराव्याचा अभाव. अलीकडच्या वर्षांत तीन लाखांच्या घरातील डिस्कचे एकत्रित प्रमाण एक ते पावणेदोन टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे.

२०.
भरवशाचा प्रश्न केवळ मोटार बंद पडण्यापुरता नसतो, हे २०२० ने शिकवले. वेस्टर्न डिजिटलची ‘रेड’ नावाची एक मालिका आहे. येथे रेड म्हणजे लाल, आणि ती नेमकी बहुडिस्क सर्व्हरसाठीच विकली जाई. तिच्यातील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये कौलांसारखे एकावर एक चढणारे माग लिहिण्याचे तंत्र वापरले होते, आणि ग्राहकांना ते सांगितलेले नव्हते. या तंत्रात साठवण वाढते. पण सलग, दीर्घ लेखन मंदावते. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सारे पुन्हा लिहून काढताना अशा डिस्क रखडू लागल्या, काही यंत्रणांनी त्या बाहेरच काढल्या. ओरड झाल्यावर कंपनीने मॉडेलांची यादी जाहीर केली आणि जुन्या तंत्राच्या डिस्कना ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव दिले.

२१.
हा पुनर्लेखनाचा काळच सर्वांत नाजूक असतो. एक डिस्क गेलेली, बाकीच्या साऱ्या पूर्ण ताकदीने वाचल्या जात असलेल्या. घरगुती वर्गातील कित्येक डिस्कचे माहितीपत्रक सांगते की १०० लाख कोटी बिटांमागे फार तर एक वाचनदोष येईल. १०० लाख कोटी बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. हा कमाल मर्यादेचा आकडा आहे, प्रत्यक्ष दोष बहुधा त्याहून कमी असतात. तरीही आजच्या मोठ्या डिस्कच्या गटात एकाच डिस्कचा ‘बेरजेचा’ आधार अपुरा का मानतात, ते यातून कळते.

२२.
आता एक घरगुती हिशेब. आठ डिस्कचा सर्व्हर, वार्षिक प्रमाण दीड टक्का, वापर चार वर्षे. या काळात किमान एक डिस्क जाण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के येते. चांगल्यातली चांगली डिस्क निवडूनही! म्हणून निवड करताना इतिहासातून एवढे उचलावे : कंपनीऐवजी मॉडेल पाहा, त्याचे प्रमाण किती डिस्क-वर्षांवर काढले आहे ते पाहा, लेखनतंत्र विचारून घ्या, सगळ्या डिस्क एकाच दिवशी एकाच खेपेतून घेऊ नका, कारण जुळ्यांचे आजारही सारखे असतात, मोठ्या गटाला दोन डिस्कचा आधार द्या, एक कोरी डिस्क हाताशी ठेवा, आणि पहिली तपासणी-चूक दिसताच ती डिस्क बदला.

२३.
शेवटची गोष्ट रेडच्या मर्यादेची. रेड ही डिस्कच्या बिघाडावरची तजवीज आहे. चुकून पुसलेली फाइल, आग, पूर, चोरी, विजेचा धक्का यांपुढे तिचा इलाज चालत नाही. कारण पुसण्याची आज्ञा ती तितक्याच इमानाने सर्व डिस्कवर पाळते. संग्रहाची एक स्वतंत्र प्रत दुसऱ्या वास्तूत असावीच, आणि ती अधूनमधून उघडून वाचूनही पाहावी.

२४.
मूळ कागदाला वाळवी लागते, तेव्हा ती खात जाताना निदान दिसते. डिस्कच्या बाबतीत निम्म्याहून अधिक वेळा तेवढीही सूचना मिळत नाही, हे गूगलच्या नोंदी सांगतात. आपल्यापैकी ज्यांच्याकडे एखाद्या गावाच्या, घराण्याच्या वा गडाच्या कागदांची एकमेव छायाचित्रे आहेत, त्यांनी हा धागा वाचून झाल्यावर आपल्या डिस्कचे मॉडेल आणि ती चालू झाल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. आपल्या संग्रहाची रोजकीर्द त्या ओळीपासून सुरू होईल.

धागा समाप्त. शंका असल्यास जरूर विचारा. आणि ज्याच्याकडे असा संग्रह आहे, त्या मित्रापर्यंत हे पोहोचवा.